आमची विलायती भागीदारी

"मॅडम, ही गोरी माणसं हितं कावून येतेत?"

आमच्या प्रसूती विभागातल्या आया केवळाबाई यांनी मला एकदा हा प्रश्न विचारला होता. मी तेव्हा फेटे बांधणाऱ्या माणसाला फोन लावत होते. दुसऱ्या दिवशी इंग्लंडचे पाहुणे यायचे होते आणि मागच्या खेपेला फेटे कमी पडल्यामुळे आमच्या अध्यक्षांचा पारा चढला होता.

"भागीदारी आहे त्यांची आपल्या दवाखान्याशी," मी म्हणाले.

"कशात?"

तेवढ्यात फेटेवाल्यानं फोन उचलला म्हणून मी सुटले. पुढची सगळी वर्षं ते काम करूनही केवळाबाईंना द्यायला मला नीट उत्तर सापडलं नाही. आता ह्या अंकाच्या संपादकांनी 'आंतरराष्ट्रीय आरोग्य क्षेत्रातले अनुभव' लिहून मागितले आहेत. बीड जिल्ह्यातल्या एका दवाखान्याच्या मेट्रनला असं कुणी विचारलं की आधी हसू येतं. पण लिहिते.

आमचा दवाखाना एका संस्थेचा. गेवराई तालुक्यात, हमरस्त्याला लागून. मी तिथली मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसची मोठी बाई. कुणाची ड्युटी कुठं, कोण रजेवर, कोण रुसलं, कुणाचं लग्न ठरलं, हे सगळं माझ्याकडं. मिशनच्या दवाखान्यात शिकल्यामुळं मला इंग्रजी बोलता येत होतं. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन गेलेली. म्हणून आमचे अध्यक्ष दादासाहेब यांनी मला 'भागीदारी समन्वयक' करून टाकलं. "तुमाला तसंबी घरी काय काम हाय," असं ते म्हणाले. नेमणुकीचं भाषण एवढंच.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर ह्या धंद्याचं स्वरूप सोपं आहे. श्रीमंत देशातला एक दवाखाना गरीब देशातल्या एका दवाखान्याचा हात धरतो. त्यांची माणसं इकडं येऊन शिकवतात, आपली माणसं तिकडं जाऊन शिकतात. जुनी-नवी यंत्रं येतात. दोन्हीकडच्या भिंतींवर एकमेकांचे फोटो लागतात. कल्पना वाईट नाही. कागदावर तर फारच सुंदर. पण समन्वयकाचं खरं काम म्हणजे विमानतळावर गाडी पाठवणं, पाहुण्यांना तिखट नसलेलं जेवण मिळतंय का बघणं, आणि दोन्हीकडचे साहेब एकमेकांना जे बोलतात त्याचं असं भाषांतर करणं की कुणाचाच अपमान होऊ नये. शेवटच्या कामात मी तरबेज झाले होते.

इंग्लंडच्या उत्तरेकडचा तो दवाखाना होता. त्यांचे प्रमुख डॉक्टर कॉलिन म्हणून उंच, लाल नाकाचे, अत्यंत सभ्य गृहस्थ. पहिल्या भेटीत त्यांना हलगीच्या तालावर फाटकापासून आत आणलं, फेटा बांधला, शाल आणि नारळ दिला. मग वॉर्ड दाखवायला नेलं. फेटा केव्हा काढायचा हे त्यांना कुणी सांगितलं नाही, म्हणून ते तो घालूनच सगळ्या खाटांमधून फिरले. एका म्हातारीनं मला हळूच विचारलं, "नवरदेव हाय का गं? ह्या वयात?"

त्यांनी सोबत भेटी आणल्या होत्या. नवजात बाळाला ऊब देणारं एक यंत्र, प्रसूतीचं शिक्षण द्यायच्या रबरी बाहुल्या, आणि रक्तस्राव थांबवायचं तातडीचं सामान. दादासाहेबांनी ते सगळं बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत एक चमक आली. मला वाटलं, यंत्र प्रसूती विभागात जाईल. ते म्हणाले, "तिथं पाणी, घाण, बायांची गर्दी. खराब होईल सगळं." दर्शनी दालनाला लागून एक खोली रंगवून घेतली. काचेची कपाटं केली. वर पाटी लावली: 'आंतरराष्ट्रीय मातृत्व कक्ष'. त्या कक्षात एकही आई कधी आली नाही. आमदार आले, जिल्ह्याचे अधिकारी आले, दुसऱ्या संस्थांचे अध्यक्ष जळफळायला आले. किल्ली ऑफिसातल्या बडेबाबूंकडं असायची आणि बडेबाबू ती जानव्यासारखी अंगावर वागवायचे.

आमच्याकडं कुठल्या बाया येतात हे त्या पाहुण्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दिवाळी झाली की आमच्या भागातली निम्मी गावं ऊसतोडीला जातात. पोटुशी बाई मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकची शिडी चढते, कारण नवरा-बायकोची मिळून एक जोडी धरलेली असते आणि एकानं काम सोडलं तर जोडी मोडते. अंगात रक्त नाही, तपासणी नाही. अशी बाई दिवस भरत आले की अडखळत-धडपडत आमच्या दारात येते. तिला लागतो तो वेळेवर हाताशी असलेला माणूस. आमच्याकडं एका पाळीला एक नर्स आणि कळा देणाऱ्या तीन-तीन बाया असायच्या. मी कॉलिनसाहेबांना म्हणाले, "आम्हाला नर्सेस कमी पडतात. तेवढं बघा." त्यांनी मान हलवली, फार गंभीरपणे. पुढच्या भेटीत ते आमच्यासाठी 'नेतृत्वगुण' ह्या विषयावर कार्यशाळा घेऊन आले.

सगळंच वाईट म्हणणार नाही. त्यांच्याबरोबर एकदा मॉरीन नावाची सुईण आली होती. तिकडं सुईण म्हणजे शिकलेली, पदवीधर बाई. तिनं फेटा बांधू दिला नाही, शाल खुर्चीवर ठेवली आणि सरळ विचारलं, "बाया कुठं आहेत?" काचेच्या कपाटातल्या बाहुल्या तिनं बडेबाबूंना किल्ली आणायला लावून बाहेर काढल्या आणि दोन दिवस आमच्या पोरींना नीट शिकवलं. बाळंतपणानंतर गर्भाची पिशवी आवळली नाही तर धो-धो रक्त जातं. अशा वेळी औषध द्यायचं, एक मूठ आत आणि एक हात पोटावर ठेवून पिशवी दाबून धरायची. तेवढ्यानंही थांबलं नाही तर आत रबरी फुगा सारून तो पाण्यानं फुगवायचा, म्हणजे रक्त मिळेपर्यंत बाई तग धरते. हे आमच्या पोरींनी पुस्तकात वाचलेलं होतं. मॉरीननं ते हाताला शिकवलं.

तिच्या डोळ्यांत भरली ती अश्विनी. चकलांब्याची पोरगी, आईबाप ऊसतोडीला जाणारे. आश्रमशाळेत शिकून नर्सिंग केलेलं. अंगानं बारीक, आवाज मात्र असा की वॉर्डातल्या पंख्याची पाती थांबावीत. उलट बोलायची सवय. मॉरीनला तिनं मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुम्ही शिकवलंत ते बरोबर आहे. पण मी एकटी असताना एक मूठ आत आणि एक पोटावर, मग औषध कोण भरणार?"

मॉरीन माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "ह्या मुलीला आमच्याकडं पाठवा."

आता हे पाठवणं. करारात होतं की आमचा एक माणूस दरवर्षी तीन-चार महिने तिकडं शिकायला जाईल. पहिल्या वर्षी दादासाहेबांनी आपल्या सूनबाईंना पाठवलं. सूनबाई दातांच्या डॉक्टर. प्रसूती विभागात दातांच्या डॉक्टरनं काय शिकायचं, असं तिकडच्या लोकांनी मला फार सभ्य भाषेत विचारलं. मी तितक्याच सभ्य भाषेत सांगितलं की आमच्याकडं बाळंतपणात दातओठ खूप खाल्ले जातात. कॉलिनसाहेबांना विनोद कळला नाही, त्यांनी ते कुठंतरी टिपून घेतलं. सूनबाई चॉकलेटं घेऊन परत आल्या.

दुसऱ्या वर्षी मॉरीननं तिकडून पाय रोवले. जी बाई रोज बाळंतपणं करते तीच हवी. दादासाहेब मला म्हणाले, "मेट्रनबाई, ऊसतोड्याची पोरगी इंग्लंडला? तिथं काटा-चमचा धरता येणार का तिला? आपली अब्रू जायची."

"ती बाळंतपणं शिकायला चाललीय, जेवायला नाही," मी म्हणाले. त्यांना राग आला, पण मॉरीनला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. गोऱ्या माणसाला नाही म्हणण्याचा सरावच नव्हता त्यांना.

मी चकलांब्याला तिच्या वडलांची परवानगी घ्यायला गेले होते. भीमराव त्यांचं नाव. टोळी निघायच्या तयारीत होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाचटाच्या झोपडीचे बांबू, भांडी, एक शेळी, असं सगळं चढत होतं. मी सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"किती लांब हाय म्हणता?"

"विमानानं जायचं. एक दिवस लागतो."

"आमाला कारखान्याला पोचायला दोन लागतेत," ते म्हणाले आणि हसले. मग शेळीचं दावं बांधता बांधता म्हणाले, "बाई, आमी जातो ते पोट भरायला. ही कशाला चाललीय?"

"शिकायला."

"मंग जाऊ द्या. आमच्यात जाणं काय नवं न्हाई. शिकायला कोन गेलतं आजवर?"

अश्विनी गेली आणि परत आली. तेव्हा तरी आली. परत येऊन तिनं मला जगणं नको केलं. प्रत्येक खाटेजवळ तातडीच्या औषधांचा ट्रे हवा. फुगे कपाटातून काढून इथं आणा. पाळीला दोन नर्स हव्यात. मी तिचं सगळं घेऊन दादासाहेबांकडं जायची आणि ते म्हणायचे, "पुढच्या भेटीपर्यंत ते सामान जागचं हलवायचं न्हाई. त्यांनी बघितलं तर काय म्हणतील, दिलेलं वापरून संपवलं?"

हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. औषधं वापरून संपली ही आमच्या संस्थेत लाज वाटायची गोष्ट होती.

आणि मग ती पुढची भेट आली. भागीदारीचा वर्धापनदिन. मांडव, हलगी, रांगोळीत दोन्ही देशांचे झेंडे. सगळ्या डॉक्टरांना मांडवात हजर राहायचा हुकूम. आमचे स्त्रीरोगतज्ज्ञसुद्धा पहिल्या रांगेत फेटा बांधून बसलेले. मी स्टेजवर भाषांतराला. प्रसूती विभागात अश्विनी, आणखी एक नवी नर्स आणि केवळाबाई.

गोदावरी नावाची बाई त्या सकाळी आली होती. कारखान्यावरून टोळीच्या टेम्पोत परत येताना तिला वाटेतच कळा सुरू झाल्या. बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली. आणि मग रक्त थांबेना. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी काय करत होते? दादासाहेबांचं वाक्य इंग्रजीत करत होते. वाक्य असं होतं की, 'ह्या कक्षामुळं आमच्या भागातली एकही माता दगावणार नाही'.

तेवढ्यात मांडवाच्या कडेनं अश्विनी येताना दिसली. कोपरापर्यंत हात रक्तानं भरलेले. ती बडेबाबूंपाशी गेली आणि काहीतरी म्हणाली. बडेबाबूंनी तोंडावर बोट ठेवलं आणि स्टेजकडं इशारा केला. साहेबांचं भाषण चालू आहे, थांब. ती पुन्हा काहीतरी म्हणाली. त्यांनी पुन्हा बोट ठेवलं. मग ती वळून चालू लागली. मी माईकवर होते, पण माझी नजर तिच्या पाठीवर होती. पुढच्या क्षणाला त्या आंतरराष्ट्रीय कक्षातून काच फुटल्याचा आवाज आला. एक, मग दुसरा. दाराचीही आणि कपाटाचीही.

दादासाहेब थांबले. "काय झालं?" असं त्यांनी मला माईकवरच विचारलं. मांडवभर ऐकू गेलं.

"पेशंट," मी म्हणाले आणि स्टेजवरून उतरले. साडीचा काठ सतरंजीत अडकला, तशीच पळाले. आमचे स्त्रीरोगतज्ज्ञ फेटा काढून फेकत माझ्या मागं. आणि त्यांच्या मागं कॉलिनसाहेब.

आत नव्या नर्सनं पोट दाबून धरलं होतं. अश्विनी फुगा घेऊन पोचलेली. डॉक्टरांनी हातमोजे घातले. "फुगा सरकवा, मी भरते," अश्विनी म्हणाली. डॉक्टरांना ती सांगत होती आणि ते ऐकत होते, कारण मॉरीनच्या शिकवणीला ते आले नव्हते. गोदावरीचा चेहरा कागदासारखा. तिच्या उशाशी केवळाबाई बाळाला छातीशी धरून उभ्या आणि सारखं म्हणत होत्या, "गोदे, डोळे उघड. गोदे, लेकीकडं बघ."

कॉलिनसाहेब दाराशी उभे. करारानुसार त्यांना आमच्या पेशंटला हात लावायची परवानगी नव्हती आणि ते करार मोडणारे गृहस्थ नव्हते. पण सलाईनचा स्टँड मोडलेला होता आणि बाटली धरायला कुणाचा हात मोकळा नव्हता. अश्विनीनं मान वर न करता ओरडून सांगितलं, "उंच आहे तो माणूस, त्याला द्या बाटली!"

मी त्यांच्या हातात बाटली दिली. त्यांनी ती डोक्याच्या वर धरली आणि तशीच धरून ठेवली. फेटा डोळ्यांवर आलेला, पण दुसऱ्या हातानं तो सावरायचंही त्यांना सुचलं नाही. इतक्या वर्षांच्या त्या भागीदारीत त्यांचा आम्हाला उपयोग झालेला मी एवढाच एकदा पाहिला. सलाईनचा स्टँड म्हणून. आणि खरं सांगते, चांगला झाला.

रक्त थांबलं. बीडहून रक्ताच्या पिशव्या आल्या. गोदावरी वाचली. तिचा नवरा बाहेर हलगीवाल्यांशेजारी उकिडवा बसून होता. त्याला सांगितलं तर तो हलगीवाल्याच्याच गळ्यात पडून रडला.

दुसऱ्या दिवशी दादासाहेबांच्या केबिनमध्ये आम्हाला बोलावणं आलं. मला वाटलं, शाबासकी असेल. माणूस कितीही वर्षं नोकरी करो, असं काहीतरी वाटतंच.

"कक्षाची काच फोडली," ते म्हणाले. "भर कार्यक्रमात. पाहुण्यांसमोर."

"सगळ्या स्टाफसमोर माफी मागायची. मंग बघू."

"बाई वाचली, साहेब," ती म्हणाली.

"बाई वाचली हे बरंच झालं. पण शिस्त नावाची गोष्ट हाय का न्हाई? बडेबाबूंनी थांब म्हटलं व्हतं. थांबली असती तर किल्ली मिळाली असती."

"भाषण संपल्यावर?"

"तुज्या जिभेला हाड न्हाई," दादासाहेब म्हणाले.

मी बोलले. माझ्या आवाजाला पहिल्यांदाच त्या केबिनमध्ये धार आली असावी, कारण बडेबाबूंनी मान खाली घातली. मी म्हणाले की माफी कुणी मागायचीच असेल तर ती गोदावरीची मागायला पाहिजे, आणि ती किल्लीवाल्यांनी. दादासाहेबांनी मला बसा म्हटलं नव्हतं, जा म्हटलं.

आणि कॉलिनसाहेब? त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. खरोखर वाटलं, डोळ्यांत दिसत होतं. पण दादासाहेबांना एक शब्द बोलायला ते तयार नव्हते. "तो तुमचा अंतर्गत प्रश्न आहे. आम्ही इथं पाहुणे आहोत," असं ते म्हणाले. भागीदार केव्हा आणि पाहुणे केव्हा, हे त्यांचं ते ठरवायचे. तिकडं गेल्यावर त्यांनी ह्या प्रसंगावर एक व्याख्यान दिलं म्हणे, 'भागीदारीतून आलेली स्थानिक जबाबदारीची जाणीव' असं काहीतरी. फुटलेल्या काचेचा फोटोही दाखवला. टाळ्या पडल्या असणार.

अश्विनीनं माफी मागितली नाही. काही दिवसांनी ती माझ्या घरी आली, चहाला हात न लावता बसली.

"मॅडम, तिकडच्या दवाखान्यात नर्सा पायजेत. मॉरीननं सांगितलंय. मला घेतेत."

मला ते आधीच कळायला हवं होतं. तिकडंही नर्सेस कमी होत्या. आमच्या कमतरतेवर उपाय शोधायला येणारी माणसं आपल्या कमतरतेवर उपाय शोधून परत चालली होती. मी कॉलिनसाहेबांना फोनवर हे स्पष्ट विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आम्ही तिला बोलावलं नाही, तिनं अर्ज केला. आणि खरं तर हा आपल्या भागीदारीचा किती सुंदर परिणाम आहे!" मी फोन ठेवून दिला. सभ्य माणसावर ओरडता येत नाही, हा त्या माणसांचा सगळ्यात मोठा फायदा असतो.

अश्विनीला मी जा म्हणाले. काय म्हणणार? थांब, रोज तीन बायांमध्ये एकटी पळ आणि काच फोडली म्हणून माफी माग? दादासाहेबांनी मात्र "पळून गेली, उपकार विसरली" असं वर्षभर सांगितलं. त्यांनी केलेला एकतरी उपकार मला अजून आठवायचा आहे.

तिच्या जागी नवी पोरगी आली, ती टिकली नाही. मग दुसरी. भागीदारी चालूच होती. कार्यशाळा झाल्या. 'शाश्वतता' नावाच्या एका विषयावर तर दोन झाल्या.

काही वर्षं गेली. माझी निवृत्ती जवळ आली होती. तिकडून निरोप आला की ह्या खेपेला कॉलिनसाहेब येणार नाहीत, त्यांची तब्येत बरी नसते. त्यांच्या दवाखान्याच्या वतीनं प्रसूती विभागाच्या एक प्रमुख सिस्टर येतील. नाव वाचून मी खुर्चीत टेकले. मग दादासाहेबांकडं गेले आणि मुद्दाम सावकाश वाचून दाखवलं.

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण माणूस राजकारणातला. क्षणभरच. "आपली अश्विनी? वा! आपल्या मातीतली लेक! मोठी मिरवणूक काढू," ते म्हणाले.

विमानतळाहून ती थेट माझ्या घरी आली. अंगावर साधा पंजाबी ड्रेस, केस कापलेले, आवाज तोच. पिठलं-भाकरी खाल्ली आणि मग म्हणाली, "मॅडम, तुमाला आधी सांगते. मला त्यांनी हितं नुसतं भेटीला पाठवलं न्हाई. चांगल्या नर्सा बघून ये म्हणलेत. तिकडं अजून पायजेत. हितली भाषा येणारी मीच, म्हणून मला."

मी तिचं ताट उचललं. ज्या पोरींना मी उन्हाळा-पावसाळा धरून ठेवलं होतं, त्यांना न्यायला माझीच पोरगी आली होती.

"राग आला?"

"तुझा नाही," मी म्हणाले. ते खरं होतं.

मांडवात तोच थाट. दादासाहेबांनी स्वतःच्या हातानं तिला शाल पांघरली. ज्या माणसाला तिची काट्या-चमच्याची काळजी होती, तो म्हणाला, "अश्विनीताईंनी आपल्या संस्थेचं नाव सातासमुद्रापार नेलं. त्यांना इथंच आम्ही घडवलं." मागच्या रांगेत सगळ्या नर्सेस बसल्या होत्या. ह्या वेळी त्यांनाही हजर राहायचा हुकूम होता. प्रसूती विभागात मात्र दोघी थांबल्या होत्या, कारण तसं अश्विनीनं आधीच कळवलं होतं आणि पाहुण्यांचं ऐकावं लागतं.

ती बोलायला उभी राहिली. इंग्रजी नाही, भाषांतर नाही. मी पहिल्यांदा त्या मांडवात नुसती श्रोता होते.

"दादासाहेब, तुम्ही शाल दिलीत, आभार," ती म्हणाली. "मी इथं कशाला आलेय ते सांगते, म्हणजे कुणाची फसवणूक नको. आमच्या दवाखान्यात नर्सा कमी आहेत. इथल्या पोरी चांगल्या आहेत. ज्यांना यायचंय त्यांना मी नेणार. आज, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. एकेक करून सगळ्या."

दादासाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं होतं, काढायला कुणी सांगितलं नसल्यासारखं.

मग ती मागच्या रांगेकडं वळली. "पोरींनो, याल तर मी हाय. तिथं थंडी लई, माणसं कमी बोलतेत, आईबापाचं तोंड दिसत न्हाई. सणाला रडू येतं. हे आधी सांगते. आन् हितंच राहावं वाटलं तर साहेबांना सांगा काय केलं म्हणजे राहाल. आता ते ऐकतेल."

एवढं बोलून ती बसली. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच कळेना. मागून एकट्या केवळाबाईंनी वाजवल्या.

आणि ते ऐकले. त्याच आठवड्यात दादासाहेबांनी नर्सेसना केबिनमध्ये बोलावलं, खुर्च्या दिल्या, चहा मागवला. मला वाटतं त्यांच्या कारकिर्दीत नर्सला दिलेला तो पहिला चहा. पाळीला दोन नर्स करायचं ठरलं. तातडीचं सामान खाटांपाशी आलं. क्वार्टरचे गळणारे पत्रे बदलले गेले. इतक्या वर्षांच्या कार्यशाळा, फेटे, करार, नेतृत्वगुण ह्यांनी जे झालं नाही ते सगळ्या निघून जातील ह्या एका भीतीनं झालं. तरी दादासाहेब लोकांना सांगतात की ही सुधारणा आंतरराष्ट्रीय सहकार्यातून झाली. मी विरोध करत नाही. शब्दशः खरंच आहे ते.

जायच्या दिवशी मी अश्विनीला सोडायला गेले. गाडीत तिला विचारलं, "तू त्यांना घाबरवायला बोललीस ना?"

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "खरंच नेणार हाय. दोघींनी हो म्हटलंय."

मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "मी गेले तवा मला कुनी राहा म्हणलं न्हाई. तुमीबी न्हाई. तुमी बरोबरच केलं. पण यांना तरी कुनी राहा म्हणावं, असं वाटलं. म्हणून बोलले."

त्या दोघी हिवाळ्यात गेल्या. चांगल्या होत्या, मला त्यांची उणीव जाणवली. बाकीच्या राहिल्या. निवृत्तीच्या आधी माझं शेवटचं काम होतं रिकाम्या जागांसाठी मुलाखती घेणं. दादासाहेबांनी ह्या वेळी स्वतःहून जाहिरात द्यायला लावली होती. पहिलीच मुलगी आली, माजलगावकडची, नवी कोरी साडी, घामानं भिजलेला रुमाल मुठीत. बाळंतपणाचं विचारलं, सगळं नीट सांगितलं. शेवटी मी म्हणाले, "तुला काही विचारायचंय?"

ती जरा घुटमळली. "मॅडम, इथून इंग्लंडला जाता येतं म्हणतेत, खरं का?"

शेजारी बसलेल्या बडेबाबूंनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"येतं," मी म्हणाले. "उद्यापासून ये. सकाळची पाळी."